खोक्यावर चौतीस, कानावर नऊ

जानेवारीचा पहिला आठवडा होता. गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, तयारी चाललेली, होम मैदानाकडे पाळण्यांचं लोखंड घेऊन जाणाऱ्या ट्रकांनी रस्ते अडलेले. संध्याकाळी साडेसातला मी क्लिनिकचं शटर अर्धं ओढलं आणि तेवढ्यात बापलेक आले. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. वडील पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारे.

"मॅडम, हिच्या कानात कालपासून रातकिडा बसलाय म्हणती," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडलेच. बाहेरच्या पाणीपुरीवाल्याने वळून बघितलं. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस किती मोठ्याने बोलतो हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. त्यांच्या कानांबद्दल मला तेव्हाच काहीतरी कळलं होतं. पण पेशंट मुलगी होती.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. श्रवणयंत्रं बसवणं हे माझं रोजचं काम आणि नेमबाज पेशंट वर्षातून एखादाच येतो. हे प्रकरण घरच्यांना विचारून लिहितेय. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत.

मुलीने बंदूक पहिल्यांदा हातात घेतली ती गड्ड्यातल्या फुगे फोडायच्या स्टॉलवर. पुढे सोलापुरातच एका हॉलमध्ये तीन वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल. गेल्या दिवाळीपासून २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल, म्हणजे पॉइंट टू टू मापाची (कॅलिबर) खरी काडतुसं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात, आणि मुलीच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर कोण आहे हे वेगळं सांगायला नको. सरावासाठी महिन्यातून दोनदा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याकडे जायचं आणि रात्री परत यायचं.

झालं ते असं. रेंजवर फायरिंग पॉइंटच्या डोक्यावर बसकं पत्र्याचं छप्पर होतं. रॅपिडचा सराव चालू होता. या प्रकारात लक्ष्य तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात हात पंचेचाळीस अंशांवरून वर आणून एकच गोळी मारायची, मग सात सेकंद थांबायचं, अशा पाच. पाच झाल्यावर मागून सर काहीतरी म्हणाले. मुलीला ऐकू आलं नाही. तिने अंगठ्याने इअरमफचा, म्हणजे आवाज अडवायला दोन्ही कानांवर चढवलेल्या टोपणांचा, डावा कप उचलला आणि कानशिलावर सरकवून ठेवला. सर सांगत होते, "ट्रिगर घाईने ओढतेस." त्याच वेळी डाव्या हाताच्या लेनवर त्याहून मोठ्या कॅलिबरचं, पॉइंट थर्टी टूचं पिस्तूल उडालं.

"कानफटात बसल्यासारखं झालं," ती म्हणाली. मग तिने काय केलं? कप खाली ओढला आणि उरलेल्या तीस गोळ्या मारल्या. सगळे हेच करतात. परतीच्या गाडीत तिला वाटलं, डब्यातला पंखा शीळ घालतोय. घरी आल्यावर कळलं, शीळ आपल्याच कानात आहे.

तपासणीत पडदा शाबूत होता. उजव्या कानात थोडा मळ होता, तो काढला. ऑडिओग्राममध्ये (कुठल्या पट्टीचा किती हळू आवाज ऐकू येतो त्याचा आलेख, आकडा लहान तितका कान चांगला) उजवा कान सगळीकडे १० ते १५ डेसिबल, म्हणजे उत्तम. डावा २००० हर्ट्झपर्यंत तसाच, ३००० ला २५, ४००० ला थेट ४०, ६००० ला ३५ आणि ८००० ला पुन्हा १५. कागदावर डाव्या रेघेला खड्डा पडलेला. आमच्या क्षेत्रात हा खड्डा ओळखीचा आहे. कानाची नळी साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते, बाहेरचा आवाज तिथे वाढवून आत पाठवते आणि मार बसतो त्याच्या किंचित वर, चार हजारांच्या आगेमागे. आतल्या केसपेशींचा, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींचा, प्रतिसाद मोजणाऱ्या ओएई चाचणीतही डावीकडे त्याच जागेवर काही आलं नाही.

त्याच वेळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रात्रीच बोलावून घेतलं आणि काही दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्या द्यायच्या की नाही हा त्यांचा निर्णय. पण तो घ्यायला पेशंट त्यांच्यापर्यंत लवकर पोचला पाहिजे, आठवडाभर "बसेल आपोआप" करत घरी राहून उपयोग नाही. माझ्याकडून दोन आठवडे रेंज बंद, इअरफोन बंद आणि होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम बंद. औषधं, तपासण्या सगळं तिने मुकाट ऐकलं. दारूकामाचं ऐकून मात्र डोळे भरले.

वडिलांना हे सगळं जरा जास्तच वाटत होतं. "आमच्याकडं दिवसभर एवढा आवाज चालतोय की. हिचं तर एक टप् झालं."

रास्त प्रश्न होता. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये साधारण ९५ ते १०५ डेसिबल असतात. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० ही मर्यादा धरतात. अमेरिकेतली निऑश ही व्यावसायिक आरोग्याची संस्था ८५ धरते आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ अर्धी करते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. हा पाढा मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला. पंधरा मिनिटांवर येऊन पेन थांबवलं तेव्हा त्यांनी खिशातली चंची काढली, उघडली नाही, परत ठेवली.

पण बंदुकीला हा पाढा लावून भागत नाही. तिथे तास मोजत नाहीत, शिखर, म्हणजे त्या क्षणाचा सगळ्यात मोठा आवाज मोजतात. प्रौढांसाठी १४० डेसिबलचं शिखर ही सर्वत्र मानलेली हद्द. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांसाठी ती १२० आहे. पॉइंट टू टू रायफल मारणाऱ्याच्या कानापाशी १४०च्या आसपास जाते. पिस्तुलाची नळी आखूड, तोंड कानाला जवळ, त्यामुळे तेच काडतूस पिस्तुलात १५०च्या वर जातं. बाराबोअर आणि मोठ्या कॅलिबरच्या बंदुका त्याच्याही पुढे. वर पत्र्याचं छप्पर असलं की तोच आवाज आपटून परत येतो. एका कानात सगळ्या मिळून पंधरा-सोळा हजार केसपेशी, आणि माणसात त्या गेल्या की परत उगवत नाहीत. सततच्या आवाजात त्या थकून थकून मरतात. स्फोटाच्या आवाजात काही वेळा जागच्या जागी तुटतात.

वडिलांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या भाषेत सांगितलं, "म्हंजे माग धागा घासतोय, अन् बंदूक तोडतीय." माझी पाच मिनिटं त्यांनी एका ओळीत गुंडाळली.

मफची तपासणी

दुसऱ्या दिवशी मी मुलीला तिचा मफ, नेमबाजीचा चष्मा आणि टोपी घेऊन बोलावलं. शेजारचा बार वाजला तेव्हा कप कानावर नव्हता, मग मफ कसला तपासायचा, असं कुणी म्हणेल. पण कप कानावर असताना तरी तो काय करत होता, हे मला बघायचं होतं.

खोकं तिने जपून ठेवलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत एनआरआर ३४. ऑनलाइन विकत घेताना तिने एकच गोष्ट बघितली होती, सगळ्यात मोठा आकडा कुणाचा.

एनआरआर हा साधन किती डेसिबल अडवतं ते सांगणारा अमेरिकी आकडा. युरोपात एसएनआर लिहितात. तो वेगळ्या पद्धतीने काढलेला असतो, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून तुलना करू नये. युरोपी मालावर ईएन ३५२ आणि आपल्याकडच्या मालावर आयएस ९१६७ हा मानक क्रमांक असतो. नुसता भला मोठा आकडा आहे आणि मानकाचा पत्ता नाही, असा माल मी परत करायला सांगते. एनआरआर प्रयोगशाळेत निघतो. शांत खोली, नीट बसवलेलं साधन, चष्मा नाही, घाम नाही, वेणी नाही. म्हणून निऑशने त्यातून वजावट करायला सांगितली आहे. मफच्या आकड्यातून पाव भाग, कानात घालायच्या फोमच्या प्लगच्या आकड्यातून निम्मा आणि बाकीच्या प्लगच्या आकड्यातून सत्तर टक्के. आवाज नेहमीच्या ए स्केलवर मोजला असेल तर आणखी सात वजा. या हिशेबाने ३४ च्या मफचे हातात येतात अठरा-साडेअठरा. वर हा आकडा सततच्या आवाजावर काढलेला, बंदुकीच्या बारावर नाही.

आता तिचा मफ. कपाच्या कडेची गादी मी बोटाने दाबली. दबलीच नाही. वरचं कातडं आपल्या कडक भाकरीसारखं झालेलं, एका जागी बारीक तडा. "कुठे ठेवतेस?" "स्कूटीच्या डिकीत." गेल्या मे महिन्यापासून. सोलापूरचा मे आणि उन्हात उभ्या स्कूटीची डिकी! त्यात प्लास्टिक, फोम, गोंद काहीही मऊ राहणार नाही. शिवाय प्रवासात मफ सॅकच्या पट्ट्यावर ताणून अडकवायची सवय, त्यामुळे वरची पट्टी सैल पडलेली. दोन्ही कपांची पकड नव्या मफच्या मानाने नावालाच.

मग तिला चष्म्यासकट पूर्ण तयार व्हायला सांगितलं. जुन्या व्हिजिटिंग कार्डाची एक बारीक पट्टी कापली आणि चष्म्याच्या काडीलगत गादीखाली सरकवून बघितली. पट्टी अडकेल असं वाटलं होतं. ती सरळ आत जाऊन कानाच्या पाळीला लागली. वडील वाकून बघत होते. "हितनंच सगळं आत येतंय की," ते म्हणाले. चष्म्याची काडी जाड, त्यावर कडक गादी, मागे वेणीचा पेड, वर टोपीची कड. चारही बाजूंनी थोडी थोडी वाट.

आकड्यांत काय दिसलं? उजव्या कानात फोम घालून तो बाजूला केला आणि डाव्या कानाचा उंबरठा, म्हणजे ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज, स्पीकरमधून मफशिवाय आणि मफसकट मोजला. दोन्हींतला फरक म्हणजे मफची खरी कमाई. चष्मा, वेणी, टोपी असताना ५०० हर्ट्झला ४ डेसिबल, १००० ला ८, २००० ला ११, ४००० ला १३. सरासरी नऊ. चष्मा काढून केस वर बांधले तर तोच मफ १२, १७, २२ आणि २५, सरासरी एकोणीस. म्हणजे अर्ध्याहून जास्त संरक्षण चष्म्याच्या काडीने आणि केसांनीच गिळलं होतं. क्लिनिकमधलं हे मोजमाप प्रयोगशाळेइतकं काटेकोर नसतं. पण चौतीस आणि नऊ यांच्यातला खड्डा बघायला प्रयोगशाळा लागत नाही.

फट राहिली की आधी खालच्या पट्टीचे आवाज आत शिरतात. पॉइंट टू टूचा आवाज वरच्या पट्टीत जास्त असतो, म्हणून आजवर तिचं निभावलं असावं. मोठ्या कॅलिबरच्या बारात खालच्या पट्टीचा जोर वाढतो. अशी बंदूक तिच्या शेजारी रोज असती तर तिने नीट कानावर ठेवलेला मफही फारसा कामाला आला नसता.

तरी मूळ भानगड गादीत नव्हती. तिने कप उचलला होता. नवा, मऊ गादीचा, उत्तम मफ असता तरी तिने तो उचललाच असता, कारण सरांचं ऐकायचं होतं. हा हिशेब मी पेशंटना नेहमी सांगते. तीस डेसिबल अडवणारं साधन आवाजात असतानाच्या वेळेपैकी फक्त दहा टक्के वेळ काढून ठेवलंत तर एकूण संरक्षण तीसवरून दहावर येतं. हे सततच्या आवाजाचं झालं. बंदुकीच्या बाबतीत तेवढंही नाही, एक चुकार बार पुरतो. म्हणून प्रश्न "कोणता मफ जास्त आवाज अडवतो" असा नव्हताच. कोणतं साधन ही मुलगी तीन तास एकदाही न काढता घालेल, असा होता.

काय काय करून बघितलं

वडिलांनी पहिल्या दिवशीच कारखान्यातून कापसाचे बोळे आणले होते. सुताच्या गावात कापूस फुकट. पण कापसाच्या बोळ्याने कानाला समाधान मिळतं, संरक्षण नाही. जुने लोक कानात काडतुसाची रिकामी पुंगळीही घालतात. ती तर मी हातात दिसली तरी काढून घेते. धातूची कड, आत जाऊन अडकली तर वेगळंच ऑपरेशन.

फोमचे प्लग स्वस्त, दहा-वीस रुपयांना जोडी, आणि नीट बसले तर महागड्या साधनांनाही मागे टाकतात. सगळी मेख त्या 'नीट'मध्ये आहे. मुलीने पहिल्यांदा घातले तसे बहुतेक जण घालतात, बोटाने भोकावर ठेवून दाबायचे. निम्मा प्लग बाहेर, बाटलीच्या बुचासारखा. मी करून दाखवलं. हात धुवायचे. प्लग बोटांत वळत वळत पेन्सिलच्या शिशासारखा बारीक करायचा, सुरकुती पडू द्यायची नाही. दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे नळी सरळ होते. मग प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट ठेवून थांबायचं. लोक पाच सेकंदांत बोट काढतात आणि प्लग हळूच बाहेर येतो. बसला की नाही हे कळायची सोपी खूण आहे. स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला पाहिजे. दुसरी खूण, कान तळव्यांनी झाकून बघायचे. झाकल्याने आवाजात काही फरक पडला नाही तर प्लग बसला.

तीनदा करूनही तिला जमेना. चौथ्यांदा मी ऑटोस्कोपने बघितलं आणि स्वतःवरच चिडले. तिच्या कानाची नळी बारीक होती आणि मी तिला सरसकट मापाचा प्लग देत होते. बायकांच्या आणि मुलांच्या कानांत हे वारंवार होतं, मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. लहान मापाचा दिला आणि दुसऱ्या प्रयत्नात बसला. मोजलं तर चारही पट्ट्यांवर वीसच्या वर.

एकावर एक तीन छत्र्यांसारख्या कडा असलेले सिलिकॉनचे प्लग धुता येतात, पटकन घालता येतात. तिच्या कानात ते जबडा हलला की सैल होत आणि ही मुलगी नेम धरताना दात आवळते. बाद.

साच्याचे प्लग, म्हणजे कानाचा ठसा घेऊन बनवलेले. इथे आधी कबूल करते की ठसे मीच घेते आणि त्यात माझे चार पैसे आहेत. तरी तिला नको म्हटलं. साच्याच्या प्लगची खरी खुबी ही की रोज तसाच बसतो, चुकायला वाव कमी. पण नीट घातलेल्या फोमपेक्षा तो जास्त आवाज अडवतो असं नाही. वर सोळाव्या वर्षी कान अजून बदलतो आहे, दोन वर्षांत नवा साचा लागेल. अठराव्या वर्षी ये म्हटलं.

इलेक्ट्रॉनिक मफ तिला मनापासून हवा होता. त्यात बाहेरच्या बाजूला मायक्रोफोन असतो. साधं बोलणं आत ऐकू येतं आणि बार झाला की यंत्र क्षणात बंद होऊन नुसता मफ उरतो. सरांचं ऐकायचा प्रश्न याने खरोखरच सुटतो. पण आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत नेमबाजाला फायरिंग लाइनवर आवाज ग्रहण करणारं उपकरण असलेलं कर्णरक्षक चालत नाही. सरावात वर्षभर एक साधन आणि स्पर्धेच्या दिवशी दुसरं, हे नेमबाजाच्या डोक्याला त्रासाचं. मला तरी ते पटलं नाही. तिचे सरही म्हणाले, "मॅचच्या दिवशी नवीन काही नको." छंद म्हणून रेंजवर जाणाऱ्या मोठ्या माणसाने मला विचारलं तर मी आधी इलेक्ट्रॉनिक मफच सांगेन, खाली फोमचा प्लग आणि वरचा आवाज जरा वाढवून. ज्याला स्पर्धा खेळायच्या आहेत त्याचं वेगळं.

शेवटी ठरलं ते दुहेरी. आत लहान मापाचा फोमचा प्लग, वर जेलच्या मऊ गादीचा मध्यम मफ, एनआरआर २३. दोन साधनं घातली की आकड्यांची बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात साधारण पाच मिळवायचे, एवढाच ठोकताळा. कारण कान कितीही बंद केले तरी कवटीच्या हाडातून आवाज आत जातोच, चाळीस-पन्नास डेसिबलच्या पुढे कुणालाच जाता येत नाही. ते पाच मात्र मोलाचे आहेत. दुसरा फायदा त्याहून मोठा. एक साधन फसलं, प्लग सरकला किंवा मफ हलला, तरी दुसरं जागेवर असतं. त्या दिवशी डाव्या कानात नुसता प्लग असता तर कप उचलूनही निभावलं असतं. आत नीट बसवलेला फोम आहे म्हटल्यावर चौतीसची गरज उरली नाही. जाड कपाचा वजनदार मफ घालून मान अवघडून घेण्यापेक्षा हलका, पकड धरणारा बरा. रायफलवाल्यांना तर जाड कप बंदुकीच्या दस्त्यावर आपटतो आणि गाल टेकला की उचलला जातो, म्हणून त्यांच्यात पातळ कप किंवा नुसते प्लग चालतात. रायफलवाल्याचे कान तपासताना आणखी एक दिसतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला, त्यामुळे डावा आधी जातो. या मुलीचाही डावाच गेला, पण कारण वेगळं होतं.

चष्म्याची जाड काडी बदलून पातळ, चपटी घेतली. केस मानेवर खाली बांधायचे, टोपीची कड गादीच्या वर. मफ डिकीत नाही, कापडी पिशवीत. गादी दर सहा महिन्यांनी दाबून बघायची, कडक वाटली की बदलायची. पूर्ण वेषात पुन्हा मोजलं तर सरासरी बत्तीस.

राहिला सरांचं ऐकायचा प्रश्न. दुहेरी संरक्षणात तो वाढणारच होता. लाउडस्पीकरवरची 'लोड', 'अटेन्शन', 'स्टॉप' तिला नीट येत होती. ज्याचं ऐकणं चांगलं आहे त्याला संरक्षणामुळे गोंगाटात बोलणं फारसं कमी कळत नाही, दोन्ही आवाज सारखेच खाली येतात. अडचण होती ती शांततेत मागून हळू बोलणाऱ्या सरांची.

यावर मी तोडगा शोधत होते. कागदावर लिहा, मालिका संपल्यावर मागे येऊन बोला, असलं काहीबाही. वडील मध्येच म्हणाले, "हातानं सांगा की. आम्ही कारखान्यात तोंड कुठं उघडतोय?" आणि क्लिनिकमध्ये उभं राहून त्यांनी दाखवायला सुरुवात केली. कांडी संपली, धागा तुटला, माग बंद कर, मालक आले, चहा. चहाची खूण करताना ते हसले. तीन मागांपलीकडच्या माणसाशी ते दिवसभर असं बोलतात. मुलगी लहानपणी डबा घेऊन जायची, तिला निम्म्या खुणा येत होत्या. सरांना फोन लावला, व्हिडिओवर खुणा ठरल्या. ट्रिगर घाईने, मनगट मोडतंय, श्वास, थांब. खांद्यावर एकदा टप् केलं म्हणजे वळून बघ, दोनदा केलं म्हणजे पिस्तूल रिकामं करून खाली ठेव. मफ काढायचा तो फक्त फायरिंग लाइनच्या मागे, सगळ्या लेन थंड झाल्यावर. प्लग रेंजच्या फाटकाबाहेर.

पंधरा दिवसांनी डाव्या कानाचा ४००० चा आकडा ४० वरून २० वर आला होता, ६००० ला १५. शीळ फक्त रात्री निजताना. तिसऱ्या महिन्यात तीही गेली. याचा आनंद आहेच, पण "सगळं पूर्ववत झालं" असं मी तिला म्हटलं नाही. २००९ मध्ये अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं होतं की आवाजाच्या माऱ्यानंतर उंबरठा पूर्ण परतला तरी केसपेशी आणि नस यांच्यातले बरेच सांधे कायमचे गेलेले असू शकतात. माणसात असं किती होतं हा अजून वादाचा विषय आहे. साध्या ऑडिओग्राममध्ये ते दिसत नाही. गोंगाटात बोलणं नीट कळेनासं झालं की मग संशय येतो. म्हणून वर्षातून एकदा तपासणी, पहिला कागद जपून ठेवून. आणि दहा मीटरच्या हॉलमध्येही साधे प्लग घालायचे. एअर पिस्तुलाचा आवाज तिला क्षुल्लक वाटतो, पण बंद हॉलमध्ये एका रांगेत दहा-बारा जण तासन्‌तास मारत असतात.

तिसऱ्या महिन्यातल्या त्या भेटीत मी वडिलांना बूथमध्ये बसवलं. आधी दोनदा टाळलं होतं त्यांनी. या वेळी मुलीने काही न बोलता बूथचं दार उघडून धरलं. बीप ऐकू आली की बटण दाबायचं, हे तिने त्यांना काचेतून हातानेच सांगितलं.

दोन्ही कानांत तोच खड्डा, पण किती खोल. ४००० ला ६५, डावीकडे उजवीकडे सारखाच. आवाजाने येणारं बहिरेपण कारखान्यांच्या कायद्यात सरकारला कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेलं आहे. चार-सहा कामगारांच्या शेडपर्यंत तो कायदा बहुतेक पोचतच नाही. ते मी त्यांना सांगितलं, पण त्यांना त्यात रस नव्हता. त्यांना विचारायचं होतं ते वेगळं. जॉबरचं अर्धं काम कानाचं असतं. कुठला माग बिघडणार हे तो लांबूनच आवाजावरून ओळखतो. मुलीसारखं दुहेरी त्यांच्या कामाचं नाही. शंभरच्या आसपासच्या आवाजातून ८५ च्या खाली यायला पंधरा-सतरा खरे डेसिबल पुरतात, त्याहून जास्त अडवलं तर ते प्लग काढूनच टाकतील. छत्र्यांचे सिलिकॉनचे, दोरीने जोडलेले दिले. मुलीच्या जबड्याला चालले नव्हते, यांच्या कानात नीट बसले.

"हे घातल्यावर धोटा अडकलेला कळंल का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आठ दिवस घालून बघा आणि तुम्हीच मला सांगा."

आठ दिवसांचे आता दीड महिना झाले. मुलगी परवा गादी दाखवायला आली होती, तिला विचारलं. म्हणाली, पहिले दोन दिवस घातले, मग नाही, मग परत आठवडाभर घातले. डबी रोज खिशात असते, चंचीशेजारी.